कोपऱ्याची किंमत

एखादे चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले की मुंबईतल्या कुठल्यातरी पन्नास-साठ मजली टॉवरमधला व्हिडिओ फिरू लागतो. दिवाणखान्यातले झुंबर झुलते आहे, बाथटबमधले पाणी हिंदकळते आहे, कपाटाचे दार आपोआप उघडमीट करते आहे. त्याखाली लगेच दोन फळ्या पडतात. एक म्हणते, हे पडणार, एवढे उंच बांधूच नये. दुसरी स्वतःला जाणकार समजते. तिचे म्हणणे, उंच इमारत डोलतेच, डोलायलाच हवी. पुरात लव्हाळे वाकते म्हणून तर वाचते. पहिल्या फळीला उंचीची धास्ती आणि दुसरीला डोलण्याचे कौतुक. लव्हाळ्याच्या साठाव्या मजल्यावर कुणी झोपलेले नसते, हे दुसरी फळी विसरते. इमारत कोणत्या दिशेने डोलते, एक हेलकावा किती सेकंदांचा असतो आणि तिच्या आकाराने तो वाढवला की घटवला, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. उंच इमारत आणि वारा हा आधी आकाराचा प्रश्न आहे. उंची आणि मजबुती त्यानंतर येतात. आपल्याकडे गाडी अडते ती इथेच, कारण आकार ठरत असतो तेव्हा त्या खोलीत वाऱ्याबद्दल बोलणारा माणूस नसतो.

सगळ्यात मोठा गैरसमज दिशेचा. वारा पश्चिमेकडून आला तर इमारत पूर्वेकडे झुकणार, असे आपण धरून चालतो. ती थोडी झुकतेही. पण सडपातळ टॉवरचे जाणवणारे, पोटात ढवळणारे हेलकावे बहुतेक वेळा उत्तर-दक्षिण असतात, म्हणजे वाऱ्याच्या काटकोनात. पुलाच्या खांबाला वळसा घालणारे नदीचे पाणी पाहा. खांबामागे एक भोवरा डावीकडून सुटतो, मग एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून. हवेचेही तसेच. सपाट भिंतीवर आपटून ती दोन्हीकडे वळते, पण काटकोनी कोपऱ्याला चिकटून वळणे तिला जमत नाही. तिथे ती भिंतीपासून सुटते आणि मागे भोवरे आळीपाळीने गळत राहतात. भोवरा ज्या बाजूला सुटतो त्या बाजूला इमारत क्षणभर ओढली जाते. हा ताल आणि इमारतीचा स्वतःचा ताल जुळला की झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का दिल्यासारखे होते.

हिशेब करून पाहू. टॉवर २५० मीटर उंच, चौरस, २५ मीटर रुंद. इंजिनिअरांचा एक ठोकताळा आहे: ४६ ला मीटरमधल्या उंचीने भागले की सेकंदाला किती हेलकावे ते निघते. इथे ०.१८४, म्हणजे एक हेलकावा सुमारे साडेपाच सेकंदांचा. भोवऱ्यांचा ताल काढायला वाऱ्याचा वेग रुंदीने भागायचा आणि स्ट्रौहल अंकाने गुणायचे. हा अंक आकारावर ठरतो. धारदार कोपऱ्यांच्या चौरसाला साधारण ०.१२, गोलाला ०.२. दोन्ही ताल कोणत्या वेगाला जुळतील? ०.१८४ गुणिले २५, भागिले ०.१२: सेकंदाला ३८ मीटर, ताशी सुमारे १३७ किलोमीटर. आता संहिता उघडा. वाऱ्याच्या भाराबद्दलच्या भारतीय मानकाच्या, आयएस ८७५ च्या, तिसऱ्या भागात मुंबईचा पायाभूत वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. तो पन्नास वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळातल्या, मोकळ्या जागी, दहा मीटर उंचीवरच्या तीन सेकंदांच्या झोताचा. दाट वस्तीत २५० मीटर उंचीवर त्याच वादळाचा तासाभराचा सरासरी वेग संहितेच्याच सूत्राने ४० च्या आसपास येतो. म्हणजे इमारत ज्या वादळासाठी आखायची, ताल जुळण्याचा वेग त्याच्या आतच बसला. हाच टॉवर जुन्या चाळीच्या चिंचोळ्या भूखंडावर १८ मीटर रुंद बांधला, तर तो वेग २७.६ मीटरवर, ताशी शंभर किलोमीटरवर उतरतो. माथ्यावर तसा वारा यायला पन्नास वर्षांतले ते एक वादळ लागत नाही. शिवाय अरुंद इमारत लवचिकही जास्त असते, त्यामुळे खरा आकडा आणखी खाली. दोन्ही टॉवरची उंची तीच. धोक्याचा वेग बदलला तो रुंदीमुळे, आणि मजले मोजणाऱ्या वादात रुंदीचा उच्चारही होत नाही.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे मजबूत बांधा. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल मजबुतीला कमी नव्हता. ज्या वाऱ्यात तो पडला त्याच्या कितीतरी पट वारा तो स्थिर दाबाच्या हिशेबाने सोसणारा होता. १ जुलै १९४० ला उघडला आणि ७ नोव्हेंबरला ताशी सुमारे ६४ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून खाली गेला. बाजूला भरीव पोलादी पट्ट्यांचे आठ फूट उंच कठडेवजा गर्डर होते; वाऱ्याला आरपार जाता येत नव्हते, आणि पूल हलू लागल्यावर त्याची हालचालच वाऱ्याकडून आणखी ऊर्जा ओढून घेऊ लागली. (शाळेच्या पुस्तकांत याला अनुनाद म्हणतात. ते अर्धवट आहे, पण तो वेगळा विषय.) १९५० साली त्याच जागी नवा पूल झाला तो जाळीदार, खोल ट्रसचा. त्यांनी वाऱ्याला वाट करून दिली.

इमारतीत जाडी वाढवण्याचा उपाय आणखी एका कारणाने लंगडा आहे. ताल ठरतो तो ताठरपणा भागिले वजन, त्याच्या वर्गमुळाने. शिअर वॉल, म्हणजे आडवे बल पेलणारी काँक्रीटची भिंत, जाड केली की ताठरपणा वाढतो, पण वजनही वाढते, आणि वर्गमूळ उरलेसुरले खाऊन टाकते. दीडपट काँक्रीट ओतून ताल थोडासाच पुढे सरकतो. आणि राहणाऱ्याच्या सुखाचे काय? वाऱ्यामुळे माथा किती सरकावा याची रूढ मर्यादा उंचीच्या पाचशेव्या भागाची. आपल्या टॉवरला ती अर्धा मीटर होते. पण माणसाला सरकणे कळत नाही, त्याला कळते त्वरण. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्यासाठी राहत्या इमारतीला आयएस १६७०० ने, म्हणजे उंच इमारतींच्या भारतीय मानकाने, घातलेली मर्यादा ०.१८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. साडेपाच सेकंदांच्या हेलकाव्याला ही मर्यादा गाठायला एका बाजूला १३ सेंटिमीटर पुरतात. अर्ध्या मीटरच्या परीक्षेत उत्तम गुणांनी पास झालेला टॉवर १३ सेंटिमीटरला रहिवाशाला आजारी पाडू शकतो. १९६५ साली न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी हेच तपासायचे होते, तेव्हा ऑरेगनमधल्या युजीन गावात फुकट डोळे तपासून देतो म्हणून लोकांना बोलावले आणि त्यांना न सांगता अख्खी खोली हळूहळू हलवली. अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी हालचालीला लोक गरगरल्याचे सांगू लागले. त्यानंतर त्या दोन्ही मनोऱ्यांत प्रत्येकी सुमारे दहा हजार डॅम्पर, म्हणजे हेलकावे शमवणारी साधने, बसले.

मग डॅम्परच बसवा ना, असे कुणी म्हणेल. तैवानच्या तैपेई १०१ टॉवरमध्ये डॅम्पर म्हणून टांगलेला ६६० टनांचा गोळा सगळ्यांना माहीत आहे. पर्यटक रांग लावून त्याचा फोटो काढतात. त्याच इमारतीचे कोपरे मात्र कुणी पाहत नाही. ते आरीच्या दातांसारखे पायरीपायरीने आत घेतलेले आहेत, आणि विंड टनेलमधल्या, म्हणजे कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यातल्या, चाचण्यांत नुसत्या त्या बदलाने पायथ्याशी येणारा वाऱ्याचा मोमेंट, म्हणजे इमारत उलथवू पाहणारा जोर, जवळपास पाव भागाने कमी झाला. आधी कोपरे कापले आणि उरलेल्या हेलकाव्यांसाठी गोळा टांगला, असा तो क्रम आहे. डॅम्परला मी कमी लेखत नाही. पण तो एका ठरावीक तालाला जुळवलेला असतो. माथ्यावरची महागडी जागा तो अडवतो, त्याला देखभाल लागते, आणि टॉवर सोसायटीच्या ताब्यात गेल्यावर वीस वर्षांनी ही देखभाल कोण करणार, हा प्रश्न ज्याने लिफ्टच्या वार्षिक देखभाल करारावरून झालेली एक तरी सर्वसाधारण सभा पाहिली आहे त्याला समजावून सांगावा लागणार नाही. कोपऱ्याला देखभाल लागत नाही.

आता कोपऱ्याची किंमत. बिल्डरचा खरा आक्षेप इथेच आहे आणि तो पोकळ नाही. कोपऱ्यातली खोली म्हणजे दोन बाजूंना खिडक्या, समुद्राचा तुकडा, सगळ्यात चढा भाव. त्यात वास्तुशास्त्र. ईशान्य कोपरा कापलेला फ्लॅट विकून दाखवा, असे सेल्सवाला तोंडावर सांगतो. काँक्रीट ओतायच्या अॅल्युमिनियमच्या साच्यांना, शटरिंगला, रोज तोच मजला हवा असतो. आकार दर दहा मजल्यांनी बदलला तर आठवड्याला एक स्लॅब टाकण्याचे गणित कोलमडते. हे सगळे मान्य. पण आकडे मांडू. २५ मीटरच्या चौरसाचे चारही कोपरे अडीच-अडीच मीटरच्या चौकोनी खाचेने आत घेतले तर ६२५ चौरस मीटरपैकी २५ जातात, चार टक्के. खाचेऐवजी तिरका छेद दिला तर साडेबारा, दोनच टक्के. दुसरीकडे, एका मजल्यावर शिअर वॉलची एकूण लांबी शंभर मीटर धरा आणि वाऱ्यासाठी तिची जाडी पंधरा सेंटिमीटरने वाढवा. पंधरा चौरस मीटर गेले, तेही घराच्या पोटातून, आणि त्याचे काँक्रीट-सळईचे पैसे वरून. कापलेल्या कोपऱ्यातला एफएसआय, म्हणजे भूखंडावर बांधायला परवानगी असलेले क्षेत्रफळ, बुडत नाही, तो वर चढतो. साठ मजल्यांना चार टक्के म्हणजे अडीच मजले. हो, विमानतळ प्राधिकरणाने उंची बांधून दिलेल्या पट्ट्यात ते अडीच मजले चढवता येणार नाहीत आणि तिथे बिल्डरचा तोटा खरा आहे. पण त्या पट्ट्यात २५० मीटरचे टॉवर उभेच राहत नाहीत. शटरिंगचा आक्षेपही इथे लागू नाही, कारण कोपरा तळापासून माथ्यापर्यंत एकसारखा कापता येतो. साचा एकदाच वेगळा करायचा, मग तो साठ वेळा तसाच वापरायचा.

भूकंपवाल्यांचा आक्षेप याहून वजनदार आहे. खाचाखोचांचा आराखडा भूकंपात वाईट वागतो, आतल्या कोपऱ्यांत ताण साचतो, इमारत पिळते. अगदी खरे. इंग्रजी एलच्या आकाराच्या टॉवरचे मी कधीही समर्थन करणार नाही. पण भूकंपाचे भारतीय मानक, आयएस १८९३, आत घेतलेल्या कोपऱ्याला अनियमितता म्हणते ते तो एकूण लांबीच्या पंधरा टक्क्यांहून अधिक असेल तर. आपली खाच दहा टक्क्यांची आहे आणि चारही बाजूंना सारखी. शिवाय मुंबईत इतक्या उंच, संथ तालाच्या इमारतीत आडव्या बलांचा निर्णय बहुतेक वेळा वाराच करतो. भूकंपाच्या भीतीने चौरस ठोकळा पत्करायचा आणि वाऱ्यासाठी त्यातच काँक्रीट भरत जायचे, हा सौदा कुणाच्या फायद्याचा?

तिसरा आक्षेप असा की अनोखा आकार अनोखे धोके आणतो, ठोकळ्याचे वर्तन निदान ठाऊक तरी असते. न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प सेंटरचे उदाहरण इथे चपखल बसते. १९७७ सालची, २७९ मीटर उंच इमारत. भूखंडाच्या कोपऱ्यात चर्च असल्याने चार मोठे खांब कोपऱ्यांत न देता बाजूंच्या मध्यावर दिले. संहितेने समोरून येणारा वारा तपासायला सांगितला होता, तो तपासला. कोपऱ्याच्या दिशेने तिरका येणारा वारा काही तिरक्या पोलादी आधारांवर बराच जास्त ताण आणतो हे बांधून झाल्यावर ध्यानात आले, आणि सांधे वेल्डऐवजी बोल्टचे केले होते. १९७८ च्या वादळी हंगामात रात्रीरात्रीतून पट्ट्या वेल्ड करून ते सावरले. सामान्य लोकांना याचा पत्ता कित्येक वर्षांनी लागला. मग दोष आकाराचा? आकार आधी ठरला, वारा एकाच बाजूने विचारला गेला आणि दुसरी बाजू विचारायला उशीर झाला. ठोकळा ओळखीचा आहे हेही एकट्या, मोकळ्या मैदानातल्या ठोकळ्यापुरतेच खरे. संहितेतले तक्ते त्याच्यासाठी आहेत. लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनीवर तसा एकटा टॉवर कुठे आहे?

शेजाऱ्याचा मुद्दा आपल्या चर्चेत जवळजवळ येतच नाही, म्हणून इंग्लंडमधल्या फेरीब्रिजची आठवण काढावी लागते. तिथल्या वीजकेंद्रात आठ कूलिंग टॉवर दोन रांगांत होते, प्रत्येक सुमारे ११४ मीटरचा. १ नोव्हेंबर १९६५ च्या वादळात तीन कोसळले, आणि तिन्ही मागच्या रांगेतले. ज्या रांगेने वादळ छातीवर घेतले ती उभी राहिली. पुढच्या टॉवरमधून निसटलेला खवळलेला वारा मागच्यांवर आदळत होता, आणि संकल्पन करताना एकट्या टॉवरचा विचार झाला होता. आता वरळी-परळचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. तुमच्या टॉवरची चाचणी झाली तेव्हा पश्चिमेला तीन मजली चाळ होती. सात वर्षांनी तिच्या जागी पंचावन्न मजले उभे राहिले. तुमचा अहवाल चुकीचा नव्हता; त्यातला शेजार बदलला.

चाचणी होते कशी, ते थोडक्यात. टॉवरचे तीनशेव्या ते पाचशेव्या भागाचे मॉडेल, भोवतालचा साधारण अर्ध्या किलोमीटरचा परिसर फोममध्ये कापून एका फिरत्या तबकडीवर, आणि पायथ्याशी बल मोजणारा संवेदनशील काटा. तबकडी दहा-दहा अंशांनी फिरवत छत्तीस दिशा मोजतात. हलके मॉडेल वापरून पायथ्याचे बल मोजण्याची ही पद्धत झटपट असते. कोपरे धारदार, कोपरे छेदलेले, कोपरे खाचेचे, वर निमुळते अशी चार मॉडेले एकाच परिसरात आळीपाळीने ठेवून तुलना करता येते. बुर्ज खलिफाचे तसेच झाले. वाय आकाराचा आराखडा, चढत्या जिन्यासारखे फिरत मागे हटणारे टप्पे, टॉवरचे तोंड कुठे असावे, हे सगळे टनेलच्या फेऱ्यांमागून फेऱ्या करत बदलत गेले. दर उंचीला रुंदी वेगळी, म्हणून भोवऱ्यांचा तालही वेगळा. ते एका सुरात ओढूच शकत नाहीत. ८२८ मीटरच्या त्या इमारतीत डोलणे आवरायला गोळा टांगलेला नाही. शांघाय टॉवर १२० अंशांत पिळला आणि निमुळता केला. तेवढ्याच आयताकृती ठोकळ्याच्या तुलनेत वाऱ्याचा भार २४ टक्क्यांनी घटला, असे त्याच्या संकल्पकांनी मांडले आहे. देवळापुढची दीपमाळही वर निमुळती होत जाते. गवंड्याने ते वजनासाठी केले असणार, वाऱ्याला मात्र ते आयतेच आवडते.

गोल आकाराबद्दलही एक भाबडी समजूत आहे, तीही काढून टाकू. गोलावर दाब कमी येतो, पण भोवऱ्यांचा ताल जलद असतो. वरच्याच हिशेबात ०.१२ ऐवजी ०.२ घातले तर धोक्याचा वेग ३८ वरून २३ मीटरवर येतो. कारखान्यांच्या पोलादी चिमण्यांच्या वरच्या भागाला स्क्रूच्या आट्यांसारखी पट्टी गुंडाळलेली दिसते ती शोभेची नाही. तीन पट्ट्या, व्यासाच्या दहाव्या भागाइतक्या उंच, पाच व्यासांत एक फेरा. भोवरे चिमणीच्या सगळ्या उंचीवर एकाच वेळी सुटू नयेत, एवढेच तिचे काम. टॉवरला हेच काम बाल्कन्यांचा उठाव आणि खाचा करू शकतात. आपल्याकडे तर आणखी एक साधन फुकट पडले आहे: आग लागली तर थांबण्यासाठी साधारण दर सात मजल्यांनी ठेवावे लागणारे रेफ्यूज क्षेत्र. न्यूयॉर्कच्या ४३२ पार्क अव्हेन्यूत दर बारा मजल्यांनंतर दोन मजले वाऱ्यासाठी आरपार मोकळे सोडले आहेत. आपले रेफ्यूज मजल्याचा एक कोपरा तेवढा व्यापते आणि बहुधा एकाच बाजूला उघडते. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात ते समोरासमोर दोन बाजूंना उघडे ठेवायला काय हरकत आहे? याने सगळे सुटेल असे नाही. ४३२ पार्कलाही शेवटी डॅम्पर लागलेच.

आणि रस्त्यावरचा माणूस? सपाट, रुंद भिंतीवर वरच्या भागात आपटलेला वेगवान वारा खाली घसरतो. मुंबईत टॉवरखालच्या पसरट पार्किंगच्या मजल्यांनी, पोडियमने, तो पदपथाच्या आधीच अडवला जातो, हा अपघाताने झालेला फायदा. पण त्याच पोडियमच्या गच्चीवर आपण मुलांची घसरगुंडी आणि पोहण्याचा तलाव ठेवतो.

आजची वाट अशी आहे. आधी एफएसआय, टीडीआर (दुसरीकडून आणलेला बांधकामाचा हक्क) आणि फंजिबल (पैसे भरून मिळणारे जादा क्षेत्र) यांचा हिशेब, मग त्यात बसणारा एका मजल्याचा नकाशा, मग ब्रोशर, बुकिंग आणि मग विंड टनेल. मॉडेल तबकडीवर चढते तेव्हा त्या कोपऱ्यातला फ्लॅट विकला गेलेला असतो. अहवाल आजार सांगतो, पण पथ्य पाळायची वेळ टळून गेलेली असते. उरते ते औषध, जाड भिंत किंवा गोळा. उंच इमारतींसाठी महापालिकेची तांत्रिक समिती आहे. तिच्यापुढे आज एका पक्क्या आकाराचा अहवाल येतो. त्याऐवजी निदान तीन आकारांची तुलना, आणि तीही फ्लॅटची नोंदणी सुरू होण्याआधी, मागायला हवी. दुसरे, हा अहवाल आणि त्यातल्या परिसराचे मोजमाप महापालिकेकडे खुले राहावे. बिल्डर म्हणतील, ही आमची पैसे मोजून घेतलेली माहिती आहे. पण तुमच्या शेजारच्या भूखंडावर उद्या बांधणाऱ्याने कोणता परिसर धरून चाचणी केली आणि त्याच्या टॉवरमुळे तुमच्या माथ्यावरचे त्वरण किती बदलणार, हे पाहण्याची गरज सगळ्यात आधी तुमच्याच फ्लॅटधारकांना पडणार आहे.